गंगूचा क्लास वन

३ जानेवारी

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायला जागा आहे. लिहिलं. महादेवी मल्लिकार्जुन, कडक भाकरीचं दुकान, एसटी स्टँडच्या मागं, उदगीर. रक्तगट माहीत नाही. आयकराचा नंबर म्हणून एक रकाना आहे, तो सोडला. भाकरी थापणाऱ्या बाईला कुठला आयकर.

डायरी खताच्या दुकानातून फुकट आली. मालक, म्हणजे माझा नवरा, अडतीवर पोत्यांचं वजन करतात, त्यांना अशा दोन-तीन मिळतात. मी ह्यात रोजच्या भाकरी मांडणार होते. पण गंगू फोनवर म्हणाली, अव्वा, तुला राग आला की आधी डायरीत लिही, मग मला फोन कर. म्हणजे मी फोनवर लई तोडून बोलते असं तिचं म्हणणं. बोलते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, गोड बोलायचा धडा पाचवीला असेल.

गंगू म्हणजे आमची एकुलती, शिवगंगा. लातूरला नर्सिंग केलं, वर्षभर जर्मन भाषा घोकली आणि जर्मनीला गेली त्याला आता चौदा महिने झाले. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या ठिकाणी आहे. जास्त काही सांगत नाही आणि मलाही तव्यावरून उठून विचारायला होत नाही.

आज मात्र विचारलं. पगार सांगितला एक आणि बँकेत पडतो एक, जवळजवळ तिसरा हिस्सा जातो कुठं? ती म्हणाली, "अव्वा, मी क्लास वनमधी हाय ना, त्याच्यामुळं." पुढं आवाज तुटायला लागला. "लग्न होईस्तोवर क्लास वनच... मग बदलतं..." एवढंच कानावर आलं आणि फोन गेला.

मी ज्वारीच्या पोत्यावर बसले. क्लास वन. कलेक्टर क्लास वन असतो. चौदा महिन्यांत पोरीनं क्लास वन गाठलं आणि आईला सांगते कसं, तर आमटीत मीठ जास्त पडलं तसं.

४ जानेवारी

सिंधु माझ्याकडं दहा वर्षं भाकरी भाजते. तिला सांगितलं. तिनं उलथनं तसंच धरून विचारलं, "अक्का, साहेब झाली तर पगार कापतात कशाला?"

मी म्हणाले, मोठ्या साहेबाला खर्च मोठा. गाडी, बंगला, शिपाई. तिकडं पगारातूनच कापून घेत असतील.

"आन् लग्न झाल्यावर बदलतं म्हणली ते?"

"बदली. नवरा असंल तिथं बदली देत असतील."

सिंधुला पटलं. मलाही सांगता सांगता जास्त पटलं.

टँकर आला नाही. पीठ भिजवायला दोन घागरी विकत घेतल्या. भाकरी दोनशे ऐंशी.

८ जानेवारी

गुंडप्पा अण्णा दुकानात आले. हे आमच्या समाजाचे कारभारी, पत्र्याचं दुकान आहे, बॅनर छापायची भारी हौस. ह्या सव्वीस जानेवारीला उदगीर जिल्हा जाहीर होणार असं त्यांनी मला सांगितलं. मागच्या साली पण सांगितलं होतं. त्याच्या मागच्या साली पण. प्यायला पाणी नाही आणि ह्यांना कलेक्टर कचेरी पाहिजे.

पण सिंधुकडून त्यांना गंगूचं कळलं होतं. मग म्हणाले, "महादेवीअक्का, जिल्हा झाला की क्लास वन हापिसर बाहेरून येतील. आपल्या समाजाची क्लास वन मात्र जिल्ह्याच्या आधी तयार हाय. सव्वीसला तुमचा दोघांचा सत्कार ठिवतो."

गंगूला विचारावं असं एकदा मनात आलं. ती म्हणाली असती, अव्वा, नको. म्हणून नाही विचारलं.

मालकांना सांगितलं तर ते टोपी काढून डोकं खाजवत बसले. "ती नर्स म्हणून गेली ना?" एवढंच बोलले. मी म्हणाले, माणूस चढतं का नाही? तुम्ही तीस वर्षं काट्यापाशीच उभे म्हणून सगळ्यांनी उभं राहायचं का? बोलायला नको होतं.

१४ जानेवारी

देगलूरचं स्थळ परत आलं. लिहायलाच पाहिजे, कारण दिवाळीच्या आधी ह्याच लोकांनी निरोप पाठवला होता की नर्स नको. आज माणिकप्पा आणि त्यांची बायको शिवम्मा दोघं जीप करून आले. मुलगा पंचाक्षरी, सरकारी नोकर, वर्ग दोन, बिलोलीला असतो. शिवम्माच्या हातात गुंडप्पांनी छापलेला कागद होता. त्यावर गंगूचं नाव, उंची आणि पुढं 'क्लास वन, जर्मनी'.

शिवम्मा म्हणाल्या, आधी आम्हाला नर्स सांगितलं होतं.

"नर्स हुती. आता साहेब हाय," मी म्हणाले.

मुलगा वर्ग दोन आणि सून क्लास वन, मग घरात आवाज कुणाचा, असं माणिकप्पा हसून बोलले. शिवम्मांनी चहा संपवला आणि शेंगाची चटणी मागून बांधून घेतली. चटणी मागणारी बाई सोयरीक मोडत नाही. पंचवीस फेब्रुवारीला कुंकू लावायचं ठरतंय. गंगूला फोनवर सांगितलं. म्हणाली मुलगा चांगला वाटला तर बघू, आधी बोलू तर दे. पोरगी सत्तावीस वर्षांची झाली. हे स्थळ गेलं तर पुढं कोण विचारणार, एवढंच माझ्या डोक्यात फिरतंय.

२१ जानेवारी

देगलूरकर परत आले, मोबाईलवर गंगूला बघायला. पंचाक्षरी पण होता. बारीक, चष्मा, बोलायला बरा. तो आणि गंगू पाच मिनिटं बोलले, पाऊस, थंडी, तिकडं गव्हाची पोळी मिळते का. मग शिवम्मांनी मोबाईल हातात घेतला नाही, माझ्याकडं वळून विचारलं. आम्ही ऐकलंय की तिकडं नर्सला म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढावं लागतं, खरं हाय का?

मी हसले. म्हणाले, "असलं घाण काम माझी पोर करत न्हाई. त्याला बाया हायत तिच्या हाताखाली."

गंगू समोर मोबाईलमध्येच होती. म्हणाली, ड्युटीची वेळ झाली, ठेवते. सासरच्यांपुढं लाजली असेल.

२६ जानेवारी

सत्कार झाला. बॅनर स्टँडच्या चौकात लागलाय, गंगूचा नर्सिंग कॉलेजचा फोटो कापून, खाली 'समाजाची पहिली क्लास वन अधिकारी'. मला हिरवी शाल, मालकांना फेटा. मालकांनी फेटा उतरवला तेव्हा कपाळावर रंग उतरला होता. देगलूरकर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. जिल्हा काही जाहीर झाला नाही. गुंडप्पा म्हणाले, एक मे तारखेला नक्की.

बॅनरसमोर उभं राहून फोटो काढला आणि गंगूला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

३१ जानेवारी

पाच दिवस फोन उचलत नाही. रोज फक्त लिहून पाठवते, ठीक आहे, कामात आहे. देगलूरहून निरोप आला, कुंकवाच्या आधी मुलीच्या पगाराची चिठ्ठी बघायला पाहिजे.

आज मला लई राग आला. लिहायला बसले तर काय लिहावं कळेना. फोनच केला. तो पण नाही उचलला.

४ फेब्रुवारी

आज रविवार, तिला सुट्टी. उचलला. मालक समोर बसलेले. मी रामराम न घालता सांगितलं, पगाराची चिठ्ठी पाठव, देगलूरकर मागतात. तिनं लगेच पाठवली, मी भांडेन म्हणून तयारच ठेवल्यासारखी. मालकांनी चष्मा लावला. जर्मनमधले शब्द एवढे लांब की एका ओळीत एकच मावतो. वर एका चौकटीत नुसता एकचा आकडा.

गंगू म्हणाली, "तो एक दिसतो का, अप्पा? त्यालाच म्हणतात क्लास वन. कराचा वर्ग हाय तो, हापिसरचा न्हाई. सरकार पगारातून कर कापायला माणसांचे वर्ग करतं. ज्याचं लग्न न्हाई, लेकरू न्हाई, तो एकमधी."

"म्हणजे एक नंबर," मी म्हणाले. अजून सोडवत नव्हतं मला.

"म्हणजे एकटा, अव्वा. झाडू मारणारा बी एकटा असला तर क्लास वन."

मालकांनी चष्मा काढून पुसला. मी विचारलं, मग लग्नानंतर बदलतं म्हणालीस ते? ती म्हणाली, वर्ग बदलतो, पण नवरा तिथं येऊन राहिला तर. तो बिलोलीलाच राहिला तर लग्न होऊन पण सरकारच्या हिशेबात ती एकटीच धरणार. मी बदली समजले होते.

मग तिनं मला भाकरीत समजावलं, कारण तिला माहीत आहे मला दुसरं कशात कळत नाही. शंभर भाकरी भाजल्या तर एकतीस तिच्या हातात येतच नाहीत. दहा सरकारच्या कराच्या. नऊ म्हातारपणीच्या पेन्शनीच्या. आठ दवाखान्याच्या विम्याच्या. एक काम सुटलं तर आधार म्हणून. मालकांनी लगेच बेरीज केली, "अठ्ठावीस झाल्या. एखादी तुकड्या-चुऱ्यात गेली धरली तरी दोन राहतात, गंगू."

"त्या दोन म्हाताऱ्यांच्या सेवेच्या. ज्याचे हात-पाय चालंनात त्याला अंघोळ घालायला, भरवायला माणूस लागतं, त्यासाठी सगळ्यांच्या पगारातनं कापतात. लेकरू नसलं तर जरा जास्तच कापतात. त्याच पैशातनं माझा पगार व्हतो."

मी विचारलं, "तू तिथं काय करतीस?"

पंधरा महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, "तू शिवम्मा मावशीला जे न्हाई म्हणून सांगितलं, तेच."

नर्सचा कागद तिथल्या सरकारकडून अजून मिळायचा आहे. तोवर मदतनीस. सकाळी आठ म्हाताऱ्यांना उठवते, धुते, पुसते, कपडे घालते, भरवते. तिच्या हाताखाली कुणी नाही.

मी म्हणाले, आधी सांगायचं नाही का? ती म्हणाली सांगितलं होतं, दोनदा. तू भाकरी मोजत होतीस. बॅनरचं मला काही नाही, ती म्हणाली, कागद आहे, फाटेल.

"पण तू हसलीस, अव्वा."

५ फेब्रुवारी

भाकरी तीनशे दहा. वीस करपल्या.

७ फेब्रुवारी

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, क्लास वन मॅडमच्या आई, सहा भाकरी द्या. आठवड्यापूर्वी मी हे ऐकायला मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसत होते. आज मागं चुलीपाशी गेले आणि सिंधुला पुढं बसवलं. सिंधुला अजून माहीत नाही. ती सगळ्यांना तोंडभरून सांगते, बंगला, गाडी, शिपाई. माझेच शब्द. शिपाई तर मीच तिला दिला होता.

बॅनर चौकात तसाच आहे. मी दूध आणायला आता मागच्या बोळातून जाते.

९ फेब्रुवारी

गंगूला फोन केला आणि जे बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. म्हणाले, कुंकू होऊ दे, लग्न होऊ दे, मग हळूच सांगू. तोवर तू गप्प राहा.

ती म्हणाली, "मी खोटं बोलणार न्हाई. मला कुणी विचारलं तर मी काय करते ते सांगणार. तुझं तू बघ."

मी चिडून बोलले, तुला आईच्या अब्रूची काही पडलेली नाही. ती म्हणाली, तुझ्या अब्रूसाठी मी काय लपवायचं, माझी नोकरी का माझे हात?

मालक सगळं ऐकत होते. भाकरी मोडत मोडत म्हणाले, काटा चुकला असं कळलं की पोतं परत चढवावं लागतं. हमाल शिव्या देतात, व्यापारी हसतात. चढवावं तर लागतंच. एवढं लांब बोलणं त्यांचं मी लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं.

मी पीठ मळायला घेतलं. आज पण टँकरचं पाणी गढूळ.

१३ फेब्रुवारी

माझी सासू तीन वर्षं अंथरुणावर होती. गंगू तेव्हा चौदाची. मी पहाटेपासून तव्यावर, आणि म्हातारीचं सगळं ती पोर करायची. शाळेत जायच्या आधी गरम पाणी घेऊन आत जायची. म्हातारीला केस विंचरलेले आवडायचे, तर केससुद्धा विंचरायची. गल्लीत मी किती जणींना सांगितलं असेल, माझी पोर सोनं आहे, आजीचं सगळं हातानं काढते, तोंड वाकडं करत नाही.

सांगायची मला हौसच होती. तेव्हा आणि आता पण.

१८ फेब्रुवारी

देगलूरला जाऊन आले. एकटी. मालक येतो म्हणाले, मी नको म्हणाले. चढवायचं पोतं माझं होतं. एसटीत बसायला जागा मिळाली पण मी निम्म्या रस्त्यापर्यंत उभीच होते, बसलं की उतरून परत जावंसं वाटेल म्हणून. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तूर वाळून गेलेली.

शिवम्मांनी पाणी दिलं. मी तांब्या खाली ठेवायच्या आत सांगितलं, "शिवम्माअक्का, माझी पोर क्लास वन हापिसर न्हाई. मी चुकीचं समजले, आन् समजल्यावर बी गप बसले."

त्या पंखा वारत होत्या, वारतच राहिल्या. "ठाऊक हाय आम्हाला," म्हणाल्या. "पंचाक्षरीनं मोबाईलवर शोधलं हुतं. तिकडं एकट्या माणसाला क्लास वन म्हणतात."

मी विचारलं, कवा?

"तुमच्या सत्काराच्या आधीच."

म्हणजे ह्या लोकांनी पहिल्या रांगेत बसून सगळं माहीत असताना टाळ्या वाजवल्या. पगाराची चिठ्ठी पण मी कधी तोंड उघडते ते बघायला मागितली असणार. सगळ्या हॉलसमोर शाल पांघरून मी कशी हसत होते, ते त्यांनी बसून बघितलं.

मी उठायला लागले तर शिवम्मांनी हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, चहा घ्या, सोयरीक कुठं मोडली? मग मला आतल्या खोलीत नेलं. त्यांची सासू. नव्वदीची असेल, दोन वर्षं अंथरुणाला. खोलीत फिनेलचा वास आणि त्याच्या खाली दुसरा वास, जो मला ओळखीचा आहे.

"दोन बाया ठिवल्या, दोन्ही पळाल्या," शिवम्मा म्हणाल्या. "माझी कंबर वाकंना. पोरीला म्हणावं परत ये. तिथं परक्यांचं करती, हितं घरच्यांचं कर. लग्न थाटात करू. क्लास वनचं आम्ही कुठं बोलणार न्हाई. उदगीरला कुणाला कळणार बी न्हाई."

खरं लिहिते. अर्धा कप चहा होईस्तोवर मला ते गोड लागलं. बॅनर आपोआप जुना होऊन फाटेल. पोरीचं लग्न होईल. पोर पन्नास किलोमीटरवर येईल. मला कुणापुढं तोंड उघडावं लागणार नाही. एवढं सगळं एका 'हाव'मध्ये, नुसत्या होकारात होतं.

मग मी विचारलं, "पगार?"

शिवम्मा हसल्या. "सुनंला कुठला पगार, अक्का?"

तशीच हसल्या त्या, जशी मी मोबाईलसमोर हसले होते. मला ते ऐकू आलं आणि पुढचं तोंडातून गेलंच.

"मंग कर बी न्हाई. पेन्शन बी न्हाई. तिथं सरकार तिच्या शंभरातल्या एकतीस भाकरी कापून घेतं, म्हणजे ती करती ते काम हाय असं सरकारनं लिहून दिलंय. हितं तेच काम केल्यावर तुम्ही काय कापताव तिच्या नावानं?"

बरोबर बोलले का नाही, माहीत नाही. कर म्हणजे काय ते मला दोन आठवड्यांपूर्वी कळलंय. शिवम्मा म्हणाल्या, माझं डोकं उन्हानं फिरलंय. असेल.

सोयरीक नको म्हणाले आणि निघणार होते. पण म्हातारीचं लुगडं ओलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. मला बघवेना. अर्धी बादली गरम पाणी मागितलं. शिवम्मांनी दिलं, पाण्याचे दिवस आहेत तरी दिलं, हे पण लिहायला पाहिजे. त्या दारात उभ्या राहिल्या, नाकाला पदर लावून. मी म्हातारीला कुशीवर केलं, पुसलं, कोरडं नेसवलं. माझे हात विसरलेत. पाठीला कुठून धरायचं, कळेना. दोनदा तिला दुखलं, दोनदा ती कानडीत काहीतरी बोलली. पाऊण तास लागला आणि मला धाप लागली.

एका म्हातारीला पाऊण तास. गंगू आठ करते. रोज.

१९ फेब्रुवारी

गंगूला सगळं सांगितलं. मला वाटलं खूश होईल. ती म्हणाली, "तू न्हाई म्हणून आलीस? मला न विचारता?"

मी म्हणाले, अगं, ते तुला घरात कोंडणार होते.

"मला तेच म्हणायचं होतं. पण मी म्हणणार होते, अव्वा. हाव म्हणताना विचारलं न्हाईस, न्हाई म्हणताना बी विचारलं न्हाईस."

लाज संपली असं मला कालच्या एसटीत वाटलं होतं, ती उलट दुसऱ्या अंगानं आली. गंगू पुढं हसली का रडली ते कळलं नाही, आवाज तुटत होता. शेवटी म्हणाली, पंचाक्षरीनं तिला स्वतः फोन करून सगळं मोकळं सांगितलं होतं, आजीचं पण. माणूस वाईट नाही, पण जर्मनीला येणार नाही. ती पण परत येणार नाही. त्यांचं दोघांचं चार दिवसांपूर्वीच ठरलं होतं, त्यानं घरी अजून सांगितलं नव्हतं. मला ती कालच, रविवारी, सांगणार होती.

म्हणजे मी गेले नसते तरी मोडलंच होतं. चालेल.

२४ फेब्रुवारी

गुंडप्पांच्या दुकानात गेले. सगळं सांगितलं आणि म्हणाले, सोमवारी मठात सगळ्यांना सांगा. ते गल्ल्यावरून उठलेच. म्हणाले अक्का, आता जाहीर केलं तर माझी अब्रू जाते, बॅनर माझ्या नावानं आहे. मी काढून टाकतो, विषय संपवा. नाहीतर 'परदेशात कार्यरत' असं नवीन लावू.

मी म्हणाले, नवीन काही लावलंत तर मी स्वतः फाडीन.

दुपारपर्यंत बॅनर गेला होता. चौकातून दूध आणलं.

२६ फेब्रुवारी

मठात दासोहाच्या पंगतीला बायकांच्या रांगेत मीच बोलले. उभं राहून. गंगू क्लास वन अधिकारी नाही, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम करते, मी सगळ्यांना खोटं सांगितलं.

जेवण काही थांबलं नाही. एक म्हातारी म्हणाली, हाव का? म्हणजे नर्सच की. दुसरीनं मला आंबील वाढू का विचारलं. दोघी-तिघी आपसात हसल्या, त्या आधीपासूनच हसत असतील. सिंधु माझ्या शेजारी होती, तिनं मान वर केली नाही. घरी येताना बोलली, "मी शिपायाचं बी सांगितलंय की हो अक्का सगळ्यांना." माझ्या खोट्यानं तिला पण लोकांपुढं लाज आणली, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तिची माफी मागितली. तिनं पीठ चाळायला घेतलं.

१० मार्च

गिऱ्हाईक अजून विचारतं. मठात येणारे थोडे, स्टँडवर उतरणारे लई. रोज दोन-तीन जण तरी. प्रत्येकाला नव्यानं सांगावं लागतं, आणि प्रत्येक वेळी कान तापतात. पहिल्यांदा मी खाली बघून सांगायचे, भाकरी बांधता बांधता, ऐकू जाणार नाही असं. एकानं मग "काय?" म्हणून परत विचारलं. तेव्हापासून वर बघून सांगते.

आज निलंग्याचा एक कंडक्टर आला. बारा भाकरी घेतल्या आणि म्हणाला, "मावशी, तुमची क्लास वन मॅडम काय म्हणते?"

मी म्हणाले, "मॅडम न्हाई. म्हाताऱ्यांना अंघोळ घालती, भरवती. रोज आठ जणांचं करती."

त्यानं पिशवीची गाठ सोडून परत बांधली. "बरं," म्हणाला आणि निघाला. मला नेहमीसारखं झालं, चुलीपाशी जाऊन बसावं असं.

सिंधु तव्यावरून म्हणाली, "अक्का, आठ न्हाईत. काल गंगू सांगत हुती, एक आजोबा नवीन आलेत. नऊ झाले."

कंडक्टर तोवर एसटीच्या दाराशी पोचला होता. मी ओट्यावर उभी राहिले आणि सगळ्या स्टँडला जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "नऊ!"